आभारात नाव आलं, पेपरवर नाही

प्रश्न : ताई, मी दोडामार्ग तालुक्यातली. आईबाबा दोघंही काजूच्या बागांत मजुरीला जातात. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. सध्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप. गोचिडी गोळा करणं, घरोघरी जाऊन अभ्यासाची माहिती समजावणं, संमतीपत्रावर सह्या घेणं हे सगळं मीच करते, कारण आमच्या गटात मालवणी फक्त मला येते. प्रश्नावलीत 'तुम्ही जंगलात जाता का?' असा प्रश्न होता. सगळे 'नाही' म्हणायचे. मग सरांना सांगून मी तिथे 'काजूच्या बागेत जाता का? पातेरा (वाळका पाचोळा) गोळा करता का?' असं घालायला लावलं. गेल्या महिन्यात या अभ्यासाचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला. लेखकांत माझं नाव नाही, शेवटी आभारात आहे. विचारलं तर उपकार विसरली असं होईल का? मीटिंगमध्ये तर माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही. (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या प्रश्नावलीपाशी अडले. 'घालायला लावलं' म्हणून तू एका ओळीत उरकलंस. अगं, सगळा अभ्यास त्या ओळीवर उभा आहे! हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात सापडला, म्हणून बाहेरून येणाऱ्याच्या डोक्यात 'जंगल' हाच शब्द बसलेला. गोचिडीची पिल्लं असतात पाचोळ्यात, तीही पाऊस सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांत. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडच्या बायका काजू वेचतात, गोठ्यासाठी, भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) पातेरा भरतात. त्यांना विचारलं तर त्या म्हणणारच, "आमी खंय रानात जातंव?" त्यांच्या लेखी ती बाग आहे. २०१६ मध्ये दोडामार्गात हा ताप आला, त्यानंतरही कुणी जुनाच प्रश्न विचारत राहिलं असतं, तर उत्तरं खरी मिळाली असती आणि निष्कर्ष चुकला असता.

आता नियम सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिच्या निकषांप्रमाणे लेखक ठरायला चार गोष्टी लागतात : अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यांपैकी कशात तरी भरीव वाटा ही पहिली; मसुदा लिहिण्यात किंवा बारकाईने सुधारण्यात सहभाग ही दुसरी; अंतिम मसुद्याला मान्यता ही तिसरी; आणि कामाची जबाबदारी ही चौथी. नुसते नमुने आणून दिले तर लेखक होत नाही, हे खरं. पण ज्याने पहिली अट पुरी केली त्याला मसुद्यावर काम करण्याची संधी दिली पाहिजे, असंही तीच समिती सांगते. तुझ्याकडे मसुदा आलाच नाही. अन्याय झाला तो तिथे.

सरांनी मुद्दाम केलं असेलच असं नाही. ज्या घरात जेवताना पेपर-परिषदांच्या गोष्टी निघतात, तिथली मुलं हे सगळं न शिकवता शिकतात. तुला-मला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं हे मार्गदर्शकाचंच काम आहे, मेहेरबानी नव्हे. तेव्हा उपकाराचा विचार मनातून काढ. सरांना एकटं गाठ आणि विचार, "सर, पुढच्या पेपरचा पद्धतीचा भाग मी लिहू का? नावं आणि क्रम आत्ताच ठरवूया का?" त्याच संध्याकाळी झालेलं बोलणं दोन ओळींच्या मेलमध्ये त्यांना पाठव. प्रश्न कधी, का बदलला ते तारखेसह वहीत लिही. छापून आलेल्या पेपरबद्दलही विचार. दुरुस्ती होऊ शकते, पण सगळ्या लेखकांची संमती लागते, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नकोस. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे तुला प्रगती मांडावी लागते ना? तिथे प्रश्नावलीचा बदल स्वतःच्या तोंडाने सांग. त्या समितीतलं एखादं माणूस तुझं दुसरं मार्गदर्शक होऊ शकतं. एकाच माणसावर सगळं अवलंबून असू नये.

बोलण्याचं म्हणशील तर मी मालवणच्या रापणकाराची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराची मुलगी. १९८६ साली मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागले तेव्हा आठवडाभर 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलले नव्हते. एके दिवशी आमच्या बाईंनी लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू दाखवले. त्या खास सूक्ष्मदर्शकात मागचं सगळं काळं दिसतं आणि त्यावर चांदीच्या तारेसारखे बारीक धागे वळवळतात, टोकाला वाकलेले. बाईंनी विचारलं, "कसं दिसतं?" सगळे म्हणाले, "प्रश्नचिन्हासारखं." पुस्तकात तसंच आहे, जंतूचं इंटरोगॅन्स हे नावही त्यावरूनच पडलं. मी म्हटलं, "गळासारखं." दोन मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खरंच की. तुझ्या वहीत तसंच लिही."

पहिल्या परिषदेआधी त्यांनी मला तीन संध्याकाळी रिकाम्या सभागृहात उभं केलं. स्वतः शेवटच्या रांगेत बसायच्या आणि म्हणायच्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा." इंग्रजी चुकलं तर एकदाही टोकलं नाही, आवाज पडला की मात्र लगेच हात वर. तिसऱ्या संध्याकाळी हात वर गेला नाही.

तुझ्या होस्टेलवर अशी एखादी मैत्रीण शोध. मीटिंगच्या आदल्या दिवशी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसव आणि एकच मुद्दा मोठ्याने सांग. पहिल्या मीटिंगला एवढंच पुरे. आणि पद्धतीच्या भागाचा कच्चा मसुदा मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल. सरांकडे जाण्याआधी आपण दोघी तो ओळीओळीने बघू.