दिवसभर दुसऱ्याची मदत लागत असताना स्वतःच्या मर्जीने जगता येतं का? सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, वय २४, व्हीलचेअर वापरता, बोलणं नवीन माणसाला पटकन कळत नाही, सकाळी उठण्यापासून रात्री कूस बदलेपर्यंत कोणीतरी लागतं, घरचे जीव लावतात पण कपड्यांपासून डॉक्टरपर्यंत सगळं तेच ठरवतात, आणि एवढी मदत घेणाऱ्या माणसाने "मला माझ्या मर्जीने जगायचंय" म्हणणं रास्त आहे का.

रास्त आहे. आणि जगता येतं. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार आहे, हात जेमतेम खुर्चीच्या जॉयस्टिकपुरते चालतात, आणि बरीच वर्षं मी मदतनीसांच्या आधारावर घरच्यांपासून वेगळी राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाने मी बरीच मोठी असेन तरी तुम्हाला तुम्हीच म्हणणार आहे, कारण आपल्याला अनोळखी माणसंसुद्धा बिनदिक्कत अरे-तुरे करतात, खुर्ची दिसली की समोरच्याचं वय त्यांना दिसतच नाही, आणि मला ते अजिबात चालत नाही.

सगळा घोळ होतो तो काम करणं आणि काम ठरवणं ह्या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे. लहानपणापासून आपल्याला शिकवलं जातं की जेवढं स्वतःच्या हाताने कराल तेवढे तुम्ही स्वतंत्र, बटणं स्वतः लावली की कौतुक, चमचा स्वतः धरला की कौतुक, आणि मग ज्याला काहीच हाताने जमत नाही त्याने मर्जीची भाषाच करायची नाही असं आपोआप ठरून जातं. पण बटणं लावण्यात पाऊण तास घालवून घामाघूम झालेला माणूस जास्त स्वतंत्र, की दोन मिनिटांत दुसऱ्याकडून लावून घेऊन कॉलेजला वेळेवर पोचलेला? शर्ट कोणता, किती वाजता घालायचा, घालून जायचं कुठे, हे कोण ठरवतं ते बघा. तुमच्या बाबतीत हात दुसऱ्याचे आहेत हा प्रॉब्लेम नाहीये, डोकंही दुसऱ्याचंच वापरलं जातंय हा आहे.

ही माझी कल्पना नाही, ज्यांनी अपंगांची इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणजे स्वतःच्या मर्जीने जगण्याची चळवळ उभी केली त्यांनी जगून दाखवलेलं आहे. एड रॉबर्ट्स नावाचा अमेरिकन मुलगा, १९५३ मध्ये १४ व्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हतं, झोपायला आयर्न लंग म्हणजे श्वास चालू ठेवणारी मोठी लोखंडी टाकी लागायची. शाळा डिप्लोमा द्यायला तयार नव्हती, का तर ड्रायव्हिंगचा आणि पीटीचा तास पूर्ण केला नाही म्हणून, आणि तेव्हा त्याची आई झोना त्याच्या बाजूने भांडली (आईवडील नेहमी आडवेच येतात असं नाही, हे मुद्दाम सांगते). १९६२ मध्ये तो बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत शिरला, ती टाकी मावेल असं होस्टेल नव्हतं म्हणून कॅम्पसच्या हॉस्पिटलमध्ये राहिला, मागोमाग त्याच्यासारखीच आणखी मुलं तिथे आली, आणि त्यांनी ठरवलं की आपले मदतनीस आपण निवडणार, आपण शिकवणार, जमलं नाही तर आपणच काढणार. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू झालं, जे अपंग लोकच चालवायचे. आणि ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने एकेकाळी ह्याला नोकरी करणं शक्यच नाही असं ठरवलं होतं, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्याच खात्याचा तो प्रमुख झाला. तुमच्यापेक्षा मदत जास्त लागत होती त्याला, कमी नाही.

आता सुरुवात. मोठ्या घोषणेने करू नका. "मी वेगळा राहणार" हे पहिलं वाक्य टाकलंत की घरात रडारड होईल आणि पुढची दोन वर्षं विषय बंद. सुरुवात अशा गोष्टीपासून करा जी रोज घडते, तुमच्याच शरीराशी होते आणि जी बदलली तर कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या मते बेडवरून खुर्चीत येणं ही सगळ्यात चांगली जागा आहे.

म्हणजे बघा, आत्ता काय होत असेल, कोणीतरी येतं, "चला" म्हणतं, काखेत हात घालून उचलतं, ठेवतं, तुम्ही गप्प. हे उलटं करा. तुम्ही सांगायचं, त्यांनी करायचं, आणि सांगितल्याशिवाय पुढचं करायचं नाही. माझं असं असतं, आधी खुर्चीचं पॉवर बटण बंद कर, नाहीतर जॉयस्टिकला धक्का लागून खुर्ची सरकते. मग खुर्ची बेडला तिरकी लाव, जवळचा आर्मरेस्ट काढ, फूटरेस्ट बाजूला फिरव. मला तुझ्याकडे कुशीवर वळव, बोर्डचं म्हणजे बेडवरून खुर्चीत सरकायच्या फळीचं टोक मांडीखाली सरकव, कातडी ओढली जाऊ देऊ नको. काखेत धरून उचलायचं नाही, खांदा निखळतो, कमरेच्या पट्ट्याला धर. आणि एक दोन तीन मी म्हणणार, तू नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तीन कधी म्हणायचं हे ज्याच्या तोंडात असतं त्याच्या ताब्यात तो सगळा प्रकार असतो, आणि नवीन मदतनीसाला ही गोष्ट सवयीची व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण त्याला वाटतं मी उचलतोय तर मोजणारही मीच. तुमची पद्धत वेगळी असेल, फिजिओथेरपिस्टला विचारून तुमची तुम्ही बसवा, पण ती तोंडपाठ करा आणि लिहून किंवा मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे उद्या आई आजारी पडली आणि पूर्ण नवखा माणूस आला तरी तुम्ही त्याच्याकडून काम करून घेऊ शकता. घरच्यांच्या मनात "दुसऱ्या कोणाला ह्याचं जमायचं नाही" ही जी भीती असते ना ती ह्याच एका गोष्टीने सगळ्यात लवकर कमी होते, वाद घालून होत नाही.

बोलण्याचं. बोलणं अस्पष्ट असलं की लोक दोनच गोष्टी करतात, एक तर कळल्यासारखी मान हलवतात, नाहीतर शेजारच्याला विचारतात. दोन्ही तुम्हालाच थांबवावं लागणार आहे. एक छोटं कार्ड छापून खुर्चीच्या ट्रेवर चिकटवा, "मला सगळं समजतं. माझ्याशीच बोला. मला वेळ लागतो. कळलं नाही तर पुन्हा विचारा, कळल्यासारखं करू नका." एवढंच, उगाच थँक्यू-सॉरीने भरू नका. दुसरं म्हणजे अक्षरांची पाटी, बोलता बोलता प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर बोटाने किंवा नजरेने दाखवायचं, समोरच्याला कुठला शब्द येतोय त्याचा अंदाज येतो आणि बोलणं पुष्कळ जास्त कळायला लागतं, स्पीच थेरपिस्ट हे शिकवतात. मोबाईलमध्ये बोलणारं ॲप असेल तर रोजची वाक्यं आधीच भरून ठेवा, आणि त्यात "थांबा, माझं बोलून झालेलं नाही" हे वाक्य पहिल्या पानावर ठेवा. हे वाक्य तुम्हाला इतर कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त लागेल.

डॉक्टरकडे जाताना माझा एक नियम आहे, मदतनीस माझ्या मागे बसते, बाजूला नाही. बाजूला बसली की डॉक्टरची नजर तिच्याकडे जाते आणि "ह्यांना झोप लागते का नीट" असं तिला विचारलं जातं, मी समोर जागी असताना. मागे बसली की त्यांना माझ्याकडे बघण्याशिवाय पर्याय राहत नाही. तिलाही आधीच सांगून ठेवलंय, प्रश्न तुला आला तरी उत्तर द्यायचं नाही, माझ्याकडे बघायचं. तुमच्या बाबतीत कोणीतरी तुमचं बोलणं पुन्हा म्हणून दाखवायला लागेल, चालेल, पण शब्दाला शब्द म्हणायचं, स्वतःची भर घालायची नाही, "त्याला असं म्हणायचंय की" हे बंद. आणि तपासणीतला थोडा वेळ आईवडिलांना बाहेर बसायला सांगा. २४ वर्षांच्या कुठल्याही माणसाला डॉक्टरशी एकट्याने बोलायचा हक्क असतो, तुम्हालाही आहे. रिपोर्टची फाईल, औषधांची यादी, बँकेचं खातं, पासवर्ड, हे हळूहळू तुमच्या ताब्यात घ्या. कागद हातात धरता येत नाहीत म्हणून ते दुसऱ्याच्या कपाटात असले पाहिजेत असं नाही, फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवता येतात.

आता घरच्यांची भीती. ती खोटी नाहीये आणि तिला हसण्यात अर्थ नाही. ते म्हणणार पडशील, कोणी फसवेल, तब्येत बिघडेल. होऊ शकतं ना! रॉबर्ट पर्स्की नावाच्या माणसाने १९७२ मध्ये ह्यावर लिहिलं होतं, धोका पत्करण्यातही माणसाची इज्जत असते, आणि माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहिलं तर त्याला माणूस म्हणून वाढायलाच जागा उरत नाही. तो हे मुख्यतः मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या लोकांबद्दल बोलत होता, पण आपल्या सगळ्यांना लागू आहे. तुमच्या वयाची बाकीची मुलं चुकीचे मित्र करतात, पैसे उडवतात, नोकरी सोडतात, आणि त्यातून शहाणी होतात, तुम्हाला मात्र चुकायलाच मिळालेलं नाही आणि वर म्हणतात ह्याला जगाची समज नाही. घरच्यांशी बोलताना "तुम्ही मला काहीच करू देत नाही" असं बोलू नका, त्याला कोणाकडेच उत्तर नसतं. "मंगळवारी दोन तास मी मित्राबरोबर बाहेर जाणार, तुम्ही बरोबर यायचं नाही, फोन चालू असेल, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते एकेक सांगा" असं बोला. भीती एकेक करून सांगितली की तिच्यावर काहीतरी करता येतं, खुर्चीची बॅटरी संपेल ही भीती असेल तर चार्जर बरोबर घ्या, टॉयलेटचं काय ही असेल तर मित्राला शिकवा.

"सेल्फ ॲडव्होकसी, म्हणजे स्वतःच्या हक्कांसाठी स्वतः बोलणं, ज्यांचं डोकं तल्लख त्यांनाच जमते" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला पीपल फर्स्ट नावाची स्वतःची संघटना काढली आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. २००६ च्या युनोच्या अपंग हक्क करारात कलम १२ आहे, त्यात निर्णय काढून घेण्याऐवजी निर्णय घ्यायला आधार द्या असं आहे, म्हणजे सोप्या भाषेत समजावणं, चित्रं, जास्त वेळ, विश्वासातला माणूस बरोबर, पण सही ज्याची त्याची. पेरूसारख्या देशाने तर २०१८ मध्ये अपंगत्वाच्या कारणावरून प्रौढ माणसावर पालक नेमायची पद्धतच कायद्यातून काढली. त्याच करारातलं कलम १९ तुमच्यासाठी आहे, कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच निवडायचा हक्क, ठरावीक ठिकाणीच राहा अशी सक्ती नाही, आणि पर्सनल असिस्टन्सचा, म्हणजे रोजच्या कामांसाठी मिळणाऱ्या मदतनीसाचा, उल्लेखही त्यात स्पष्ट आहे. घरी छापून दाखवा, चिडून नाही, नुसतं वाचायला द्या.

पैशाबद्दल खरं बोललं पाहिजे, कारण ह्यावर गोडगोड लिहिणारे फार आहेत. मदतनीस फुकट मिळत नाही. आडॉल्फ रात्स्का नावाचा पोलिओ झालेला जर्मन विद्यार्थी १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसला सरकारी पैशातून स्वतः नेमलेल्या मदतनीसांच्या भरवशावर शिकला, मग स्वीडनला जाऊन त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मदतनीसांची सहकारी संस्था काढली, आणि १९९४ पासून जास्त मदत लागणाऱ्यांसाठी पर्सनल असिस्टन्स हा तिथे कायद्याने हक्क झाला. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने मदतीचा पैसा थेट अपंग माणसाच्या हातात द्यायची सोय झाली. जिथे असं काही नाही तिथे माणसाला कुटुंब, मित्र आणि जमेल तेवढा पगारी मदतनीस अशी जोडणी करावी लागते, आणि ती अपुरी पडली तर तो दोष तुमच्या जिद्दीचा नाही, व्यवस्थेचा आहे, हे मनात अगदी पक्कं ठेवा. म्हणूनच एकट्याने लढू नका, तुमच्यासारखी मदत घेऊन राहणारी दोन-चार माणसं शोधा, त्यांच्याकडून मदतनीसाशी भांडण झालं तर काय करायचं, पगाराचं बोलणं कसं करायचं, हे जे कळतं ते कुठलाच तज्ज्ञ सांगू शकत नाही.

राहता राहिलं "आम्ही गेल्यावर तुझं कसं होणार" हे. हे वाक्य तुमच्या घरात रोज येत असणार. ह्याचं उत्तर म्हणजे ते धडधाकट असतानाच सराव करणं. आधी संध्याकाळचे काही तास, मग एक पूर्ण रात्र, घरचे नातेवाइकांकडे आणि तुम्ही मदतनीसाबरोबर घरी. रात्री कूस कधी बदलायची, पाणी कुठे, लाईट गेली तर काय, मदतनीस आलाच नाही तर दुसरा कोण, हे सगळं तुम्ही ठरवा आणि तुम्हीच लिहवून घ्या. दुसरा माणूस आधीपासून शिकवून तयार ठेवा, एकावर कधीच विसंबू नका. आणि त्या रात्री अडलं तर पहिला फोन कोणाला करायचा तो नंबर व्हॉइसने लागेल असा आधी सेट करून बघा, तुमच्याच आवाजात, कारण बऱ्याच फोनना आपलं बोलणं पहिल्या झटक्यात कळत नाही, नाहीच कळलं तर हाताला येईल असा स्विच बसवून घ्या आणि मगच घरच्यांना निघायला सांगा.