रेडकू गारठलं तर

भावा, कोल्हापुरात बर्फ पडत नाही म्हणून हिमदंश (थंडीनं कान, शेपूट गोठणं) आपल्याकडं होत नाही, पण जानेवारीत पंचगंगेकाठच्या गोठ्यात पहाटे व्यायलेल्या म्हशीचं ओलं रेडकू गारठून निपचित पडलेलं मी बघितलंय. तोंडात बोट घालून बघ, आतनं गार लागलं की समज. आधी कोरड्या पोत्यानं खसाखसा पूस, खाली उसाचं वाळकं पाचट जाड टाक, गुदद्वारात थर्मामीटर लाव, ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंगाला लाव आणि डॉक्टरना फोन कर. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पहिल्या दोन तासात पोटात गेलाच पाहिजे, पण चोखत नसेल तर तोंडात ओतू नकोस, फुफ्फुसात जातो. आणि शेकोटीचा धूर गोठ्यात कोंडू नको, माझं एक रेडकू खोकून खोकून गेलंय.