वाचकांचे प्रश्न : मालदीवला जाताना माले शहर पाहावे का?

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त असून मुलाने आमच्यासाठी मालदीवच्या एका रिसॉर्टमध्ये चार रात्रींचे आरक्षण केले आहे. परतीचे विमान रात्री उशिरा असल्यामुळे शेवटचा पूर्ण दिवस मोकळा राहतो. तो दिवस राजधानी माले येथे घालवावा असे आमच्या मनात आहे, परंतु प्रवासी एजंट म्हणतो की तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. आपले मत काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एजंटाचे म्हणणे त्याच्या दृष्टीने खरे आहे, कारण मालदीवचा पर्यटनव्यवसाय १९७२ साली सुरू झाला तोच मुळी निर्मनुष्य बेटांवर. एका बेटावर एक रिसॉर्ट, आणि विमानतळाच्या धक्क्यावरून स्पीडबोट किंवा सी-प्लेनने थेट तेथे, अशी ही रचना आहे. विमानतळही हुलुले या स्वतंत्र बेटावर असल्याने बहुतेक प्रवासी माले शहराच्या उंच, दाटीवाटीच्या इमारती फक्त खाडीपलीकडून पाहतात आणि परत जातात. वास्तविक माले, तिला जोडलेले हुलुमाले आणि समोरचे विलिमाले या बेटांवर मिळून देशाची सुमारे चाळीस टक्के वस्ती राहते, आणि मूळ माले बेट भराव घालूनही जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. पांढरी वाळू आणि निवांतपणा हवा असेल तर येथे येऊ नये. माणसे कशी राहतात, काय खातात, कोठे खरेदी करतात हे पाहण्याची हौस असेल, तर एक दिवस अवश्य द्यावा, असे मला वाटते.

विमानतळावर सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे. सामान तेथे ठेवून फेरीबोटीने निघालात तर दहा-एक मिनिटांत माले गाठता येते. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या सिनामाले पुलावरून बसनेही जाता येते, परंतु जाताना फेरी आणि येताना पूल, असे केल्यास शहर दोन्ही अंगांनी दिसते. सकाळी प्रथम एखाद्या साध्या चहाच्या दुकानात बसून न्याहारी करावी. कुस्करलेला कुपा (ट्यूना) मासा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवून केलेली मस-हुनी आणि सोबत गरम रोशी, ही तेथील घरोघरची न्याहारी आहे. रोशी म्हणजे आपली पातळ पोळीच.

त्यानंतर सरळ हुकुरू मिस्कीय या जुन्या शुक्रवार मशिदीकडे जावे. सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळात, १६५८ मध्ये ती पूर्ण झाली. येथे दगडाची खाण नाही, म्हणून बांधकामासाठी समुद्रातले प्रवाळ कापून काढत असत. ओले असताना ते कोरण्याइतके मऊ असते आणि वाळल्यावर कडक होते. भिंतींचे चिरे चुना न वापरता एकमेकांत खाचा बसवून जोडलेले आहेत, आणि जवळून पाहिल्यास त्या सांध्यांवरून नक्षी अखंड पुढे गेलेली दिसते. मुस्लिमेतरांना आत जाण्यासाठी परवानगी लागते, पण खरे सांगायचे तर बाहेरचे कब्रस्तानच अर्धा तास खिळवून ठेवते. तेथील उभ्या शिळांपैकी टोकदार माथ्याच्या पुरुषांच्या आणि गोल माथ्याच्या स्त्रियांच्या आहेत. १६७५ चा पांढरा, जाडजूड मिनार बाजूलाच आहे आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला मुलिआगे हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा वाडाही समोरच लागतो.

सुलतान पार्कमधील राष्ट्रीय संग्रहालय तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सुलतानांची सिंहासने, पालख्या आणि लाखकामाच्या वस्तू तेथे आहेत. इस्लामपूर्व बौद्ध काळातील प्रवाळाच्या मूर्ती मात्र फेब्रुवारी २०१२ मध्ये जमावाने फोडल्या. ही हानी भरून येण्यासारखी नव्हती.

दुपारी ऊन फार लागते आणि अरुंद गल्ल्यांत दुचाक्यांची अखंड रांग असल्याने चालणे त्रासाचे होते. आपल्या वयाचा विचार करता ती वेळ विलिमाले येथे काढावी, असे सुचवतो. फेरीने दहा मिनिटांवर असलेल्या या छोट्या बेटावर मोठी झाडे आहेत आणि माले येथील गर्दी नाही. पश्चिमेकडे समुद्रात खांब उभारलेले दिसतील, तो थिलामाले पूल. भारताच्या अर्थसाहाय्याने आखलेला हा सुमारे पावणेसात किलोमीटरचा प्रकल्प मुंबईच्या अफकॉन्स कंपनीकडे आहे. संध्याकाळी माले येथे परतून पूर्व किनाऱ्याच्या भिंतीवर बसावे. १९८७ च्या उधाणात शहरात पाणी शिरल्यानंतर जपानच्या मदतीने काँक्रीटचे चौपायी ठोकळे (टेट्रापॉड) रचून ही भिंत उभारली गेली.

आणखी एक गोष्ट भारतीय पाहुण्याने लक्षात ठेवावी. ज्या विमानतळावर आपण उतरता, त्याच विमानतळावर ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक उतरले होते आणि भाडोत्री सैनिकांचा उठाव त्यांनी मोडून काढला होता. डिसेंबर २०१४ मध्ये खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागून शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हाही पहिले पाणी भारतातून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजाने पोहोचले.

प्रश्न : माले येथील मासळीबाजार पाहण्यासारखा असतो असे ऐकले. आमच्या मालवणच्या लिलावापेक्षा त्यात वेगळे काय आहे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : वेगळेपण वैविध्यात नाही, उलट एकाच माशाच्या राज्यात आहे. आपल्याकडे पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग शेजारी शेजारी लागतात, तर येथे फरशीवर ओळीने मांडलेला दिसतो तो मुख्यतः कुपा, म्हणजे ट्यूना. दुपारनंतर उत्तर धक्क्याला होड्या लागू लागल्या की बाजार भरतो, म्हणून सकाळी जाऊन निराश होऊ नये. गिऱ्हाईक मासा निवडून कापणाऱ्याकडे देते. तो लांब पात्याच्या सुरीने डोके वेगळे करून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांबट तुकडे इतक्या झपाट्याने काढतो की मोठा मासा काही मिनिटांत पिशवीत जातो.

आपण मालवणचे आहात म्हणून मासेमारीची रीतही सांगतो. होडीच्या पोटात समुद्राचे पाणी खेळते ठेवून त्यात बारीक जिवंत मासळी आणतात. कुप्याचा थवा दिसला की ती मासळी समुद्रात फेकतात आणि पृष्ठभागावर पाण्याचे फवारे मारतात, जेणेकरून मोठे मासे बावचळून वर येतात. मग मागे ओळीने उभे असलेले मासेमार बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा डोक्यावरून होडीत भिरकावतात. कुप्यासाठी पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा वेढून ओढणारे मोठे जाळे, तेथे चालत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पर्ससीनवरून पारंपरिक मच्छीमारांना किती झगडावे लागले हे आपणास ठाऊकच आहे, त्यामुळे ही पद्धत आपल्याला माझ्यापेक्षा अधिक बारकाईने पाहता येईल. समोरच्या भाजीबाजारात उकडून, धुरावून वाळवलेला कुपा मिळतो. तो लाकडासारखा कडक असतो आणि बराच टिकतो, मात्र वास दांडगा असल्याने नीट बांधून घ्यावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि प्रवासात गणपतीची लहान मूर्ती जवळ ठेवतो. काही अडचण येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मूर्ती घरीच ठेवावी. पूजेच्या मूर्ती, मद्य आणि डुकराचे मांस देशात नेण्यास बंदी आहे, आणि २०२४ च्या अखेरीपासून ई-सिगारेटही चालत नाही. निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत प्रवासाचे ऑनलाइन घोषणापत्र भरणे आवश्यक आहे.

खाण्याबाबत एवढे सांगतो की चहाबरोबरच्या तळणीवर नजरेने विश्वास ठेवू नये. बजिया हुबेहूब समोशासारखी दिसते, पण आत बहुधा मासा असतो. गुल्हा नावाच्या गोल तळलेल्या गोळ्यांतही मासाच असतो. शहरात भारतीय आणि श्रीलंकन उपाहारगृहे आहेत, तेथे विचारून मागवावे. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. शक्यतो शुक्रवार टाळावा, कारण संग्रहालय बंद असते आणि दुपारच्या नमाजापर्यंत दुकाने उघडत नाहीत. रमजानमध्ये दिवसा उपाहारगृहेही बंद असतात.

प्रश्न : मालदीवच्या राजघराण्याचा गोव्याशी संबंध होता, हे खरे का? असल्यास माले येथे त्याची काही खूण आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : खरे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात सुलतान हसन नववा माले सोडून कोचीला गेला, तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढे त्याचे वंशज गोव्यात राहून मालदीवच्या गादीवर हक्क सांगत राहिले. पोर्तुगीजांनी १५५८ मध्ये माले घेतले, तेव्हा त्यांच्याशी लढताना सुलतान अली सहावा उथळ पाण्यात मारला गेला आणि तेथेच त्याची समाधी बांधली गेली. पुढे भराव पडत गेल्यामुळे ती आज चक्क जमिनीवर, शहरात आहे. स्थानिकांना अली रस्गेफानू यांची जियारत (म्हणजे हीच समाधी) कोठे आहे असे विचारल्यास ते वाट दाखवतील. १५७३ मध्ये पोर्तुगीजांना हुसकावून लावणाऱ्या मुहम्मद थाकुरुफानू यांचे घर मात्र दूर उत्तरेस, उथीमू बेटावर आहे. त्यासाठी हनिमाधूपर्यंत देशांतर्गत विमान आणि पुढे बोट, असा वेगळा बेत करावा लागेल.