नवजात बाळाची टाच टोचून रक्त तपासतातच, मग त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून वेगळं काय मिळतं?

टाचेच्या रक्तात मुख्यतः रसायनं मोजतात: थायरॉइडच्या कमतरतेसाठी टीएसएच हे संप्रेरक, पीकेयू या आनुवंशिक आजारासाठी फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल. पण ज्या आजाराची रक्तात खूणच उमटत नाही, तो या चाचणीत निसटतो. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग घ्या. आरबी१ जनुकातला दोष जन्मतःच कळला, तर पहिल्या आठवड्यांपासून डोळे तपासता येतात, गाठ लहान असतानाच उपचार होतात आणि दृष्टी वाचू शकते. नाहीतर बहुतेकदा बुबुळात पांढरी चमक दिसल्यावरच आईवडिलांच्या लक्षात येतं.

इंग्लंडमध्ये 'जनरेशन स्टडी' हा संशोधन प्रकल्प हेच करून बघतोय: 1 लाख बाळांचं लक्ष्य, 200 हून अधिक आजार, रक्त बहुधा नाळेतलं. यादीत लहानपणी दिसणारे आणि उपाय असलेलेच आजार आहेत, आणि ते मला फार योग्य वाटतं. चाळिशीनंतरच्या आजाराचं ओझं तान्ह्या बाळावर कशाला?

अडचण अर्थ लावण्याची आहे. जनुकांची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्याकडच्या बाळात 'अर्थ अनिश्चित' असे बदल जास्त निघतात. शिवाय भारतात साधी टीएसएच चाचणीसुद्धा अजून प्रत्येक बाळापर्यंत पोचलेली नाही. माझ्या मते आधी ती व्हावी.