मासे पोहून जातील की!

प्रश्न : समुद्र तापतोय असं सारखं वाचतो, पण मला एक कळत नाही. पाणी गरम झालं तर मासा थंड पाण्यात निघून जाईल ना, एवढा मोठा समुद्र पडलाय! मग मासे कमी होतील असं का म्हणतात? आणि एक-दोन डिग्रीने असा काय फरक पडतो?

उत्तर : तुमचं अर्धं बरोबर आहे, मासे खरंच निघून जातात. २००७ च्या सुमारास उत्तर अटलांटिकमधला मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातलाच, आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने दिसायला लागला, आधी तिथे तो फारसा नसायचा, आणि मग कोणी किती पकडायचा यावरून आइसलँड, फेरो बेटं, नॉर्वे आणि युरोपियन युनियन यांची अशी जुंपली की विचारू नका. कोटा ठरवणारी माणसं नकाशा बघून भांडतात, मासा पाणी बघून जातो.

आता एक-दोन डिग्रीचं. बाहेर कितीही ऊन असलं तरी आपलं शरीर आतलं तापमान सांभाळतं, बहुतेक माशांना ते जमत नाही (ट्यूनासारखे थोडे अपवाद सोडा), जे पाण्याचं तापमान तेच त्यांच्या अंगाचं. म्हणजे पाणी तापलं की शरीराचं इंजिन आपोआप फास्ट होतं, भूक वाढते, ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमकं गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. गरज वाढली आणि पुरवठा घटला, दोन्ही एकदम! १९६० नंतरच्या पन्नासेक वर्षांत जगभरच्या समुद्रातला ऑक्सिजन साधारण २ टक्के कमी झालाय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही घट सगळीकडे सारखी नाहीये, काही भागांत बरीच जास्त आहे.

आणि पोहून जाणार कोण? मोठा मासा. अंडी कुठे जाणार? माशाच्या आयुष्यात अंडी आणि विणीचा काळ हेच उष्णतेला सगळ्यात नाजूक असतात. २०१४ ते २०१६ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा प्रचंड पट्टा पसरला होता, त्याला 'ब्लॉब' म्हणायचे. त्यात अलास्काच्या आखातातला कॉड नावाचा मासा इतका घटला की २०२० मध्ये तिथली सरकारी हद्दीतली कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली. एकीकडे मोठे मासे उपाशी, दुसरीकडे अंडी धड टिकेनात.

उपाशी मरणं काय असतं ते बघायचं तर अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब घ्या (खेकडा मासा नाही, माहितीय, पण हिशोब तोच). २०१८-१९ च्या उष्णतेनंतर जवळपास १००० कोटी खेकडे गायब झाले आणि २०२२ मध्ये तिथला या खेकड्यांचा हंगाम पहिल्यांदाच रद्द झाला. पाणी काही त्यांना शिजवून मारण्याइतकं गरम नव्हतं, भूक वाढली आणि खायला तेवढं नव्हतं, असं संशोधकांचं म्हणणं.

सगळ्यांचंच नुकसान होतं असंही नाही हं. २०१० नंतरच्या वर्षांत नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड भरपूर वाढला, कारण तिथलं पाणी आधी फारच गार होतं आणि शिवाय नॉर्वे-रशियाने पकडीवर मर्यादा घातली होती. उलट जिथे आधीच बेसुमार पकड झालीय तिथे तापलेलं पाणी जास्त झोंबतं, कारण ढीगभर अंडी घालणाऱ्या मोठ्या जुन्या माद्याच जाळ्यात गेलेल्या असतात, मग एक हंगाम वाया गेला तर भरून काढणार कोण?