दिवाण चार फुटांचा, टार्गेटही चार फुटांचं

प्रश्न : सर, माझी मुलगी आठवीत आहे. शेतात बांधाजवळ धनुर्विद्येचा सराव करते. स्वस्त पडतं म्हणून १२२ सेंमीचे मोठे कागदी टार्गेट एकदम २० मागवले आणि गुंडाळून माळ्यावर टाकले. आता लावायला काढले की कोपरे पुढं वळतात, वारं सुटलं की कागद फडफडतो, बाण उपसताना टरकन फाटतो. काय करावं?
– एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, आधी ती गुंडाळी माळ्यावरून खाली घ्या. शाळेत असताना हीच चूक मी केली होती. क्रीडासाहित्याच्या खोलीवर पत्रे होते. गुंडाळ्यांना रबर लावून ठेवले. मे महिन्यात रबर वितळून कागदाला असं चिकटलं, की सोडवताना निळ्या कड्याची सालपटं निघाली. जून लागला तसं उरलेलं पत्र्याच्या गळतीनं खाल्लं. गुंडाळायचंच असेल तर सुती पट्टीनं सैल बांधा.

कागदाला आडवं झोपायला आवडतं. पण १२२ सेंमी म्हणजे बरोबर चार फूट. त्यात छापलेल्या गोलाबाहेर थोडी कोरी कड असतेच. म्हणून चार फुटी दिवाणात तो मावत नाही, दोन बोटं मुडपतो. मी घरच्या डबल बेडची गादी उचलली, खालच्या प्लायवर जुनी चादर अंथरली आणि त्यावर सगळे टार्गेट पसरले. वरून गादी. आमच्या हिला कळलं तेव्हा ती हसली, पण आठ दिवसांत कागद पापडासारखे सपाट झाले. कसर लागू नये म्हणून कडेला कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवा. ओला पाला नको, डाग पडतात.

गुंडाळीशिवाय इलाजच नसेल, तर रंगीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. मग उघडल्यावर कोपरे बटकडे (बाण रुततो त्या मागच्या जाड आधाराकडे) वळतात, तुमच्या मुलीकडे नाही. तुमचा निम्मा त्रास इथंच आहे.

आता टांगणं. कागद ताणून लावू नका. सकाळच्या दमट हवेत कागद फुगतो, दुपारच्या उन्हात आक्रसतो. ताणलेला असला की खिळ्यापाशी चिरतो. आणि कागद व बट यांच्यात पोकळी नको. मागं आधार असला तर बाण स्वच्छ भोक पाडतो, पोकळी असली तर चिंध्या करतो. बाण दोन कड्यांमधल्या रेषेला टेकला तर त्यातले जास्तीचे गुण मिळतात. रेषाच फाटली तर कुणाचं खरं मानायचं?

लोखंडी खिळे मी वापरत नाही. बाण आदळला की त्याचं टोक बोथट होतं. बाभळीचे काटे वापरून पाहिले, पण बाण काढायला गेलेल्या पोराच्या तळव्यात एक मोडला. शेवटी बुरुडाकडून बांबूच्या वीतभर कामट्या तासून आणल्या. स्लिपरच्या रबराच्या गोल चकत्या कापून त्यांत ओवल्या, की कागद दाबून धरला जातो. चार कोपऱ्यांना चार आणि वाऱ्याच्या दिवसात कडांच्या मधोमध आणखी चार.

मध्यबिंदू जमिनीपासून १३० सेंमी. टेपनं मोजा, अंदाजानं नको. बट मागं १० ते १५ अंश कललेली असावी. बाण उपसताना तळहातानं कागद बटला दाबून धरायचा आणि बाण ज्या दिशेनं गेला त्याच रेषेत सरळ मागं ओढायचा. मागं कुणी उभं नको. बांधापलीकडं माणूस-ढोर फिरकत नाही ना, हेही रोज बघा.

पिवळा मधला भाग सगळ्यात आधी चाळण होतो. त्यासाठी पूर्ण कागद बदलू नका. मधल्या भागाचे तुकडे वेगळे मिळतात, ते गव्हाच्या खळीनं चिकटवा. उंदीर-किडा लागू नये म्हणून बाइंडर लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तसं घाला. पण मोरचूद विषारी असतं. त्या वाटीवर खडूनं फुली मारा आणि ती स्वयंपाकघरात परत नेऊ नका.