संडे स्कूलसाठी स्टडी बायबल घेताना आधी गल्याथाची उंची बघा

सलाम. तुम्ही विचारलंय की नऊ ते बारा वयाच्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवायला कोणतं स्टडी बायबल, म्हणजे पानाखाली अर्थ सांगणाऱ्या टीपा असलेलं बायबल, घ्यावं, आणि जितक्या जास्त टीपा तितकं ते चांगलं का. या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बरंच रामायण झालंय, म्हणून आधी तोच घेते.

नाही. टीपा फार झाल्या की शिक्षक घरी तयारी करायचं सोडतो.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळीत पंचांपैकी एका काकांनी परदेशातल्या मुलाकडून जाडजूड इंग्रजी स्टडी बायबल मागवलं आणि संडे स्कूलला भेट दिलं. भेट मनापासूनची होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सोबत फर्मानही आलं: मुलांनी काही विचारलं की शिक्षकांनी मनचं सांगायचं नाही, टीप काढून वाचून दाखवायची. आणि ते नीट चाललंय ना हे बघायला काका स्वतः मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

मोठ्या वर्गात एक मुलगा होता. सुवर्णवचन, म्हणजे त्या रविवारचं पाठांतराचं वचन, कधी पाठ नसायचं, पण बायबलमधल्या विचित्र गोष्टी शोधून काढण्यात पटाईत. त्याने २ राजे, दुसरा अध्याय काढला. अलीशा संदेष्टा बेथेल गावाला निघालाय, पोरं त्याला 'टकल्या, वर जा' म्हणून चिडवतात, तो परमेश्वराच्या नावाने शाप देतो आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरांना फाडतात. "टीचर, नुसतं टकल्या म्हटलं म्हणून?" काकांच्या डोक्यावरही फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे वर्गात आधीच खसखस पिकली होती.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंनी हुकमाप्रमाणे ग्रंथ उघडला. अशा ठिकाणी बहुतेक टीपांत असतं तेच तिथे होतं: ही लहान मुलं नव्हती, तरणी पोरं होती, बेथेलात यराबाम राजाने पूजेला सोन्याचं वासरू बसवलं होतं, म्हणून तिथे संदेष्ट्याची टिंगल म्हणजे देवाचीच टिंगल. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मोठ्या मुलांना फाडलं तर चालतं?"

मागून काका म्हणाले, टीप परत वाचा. बाईंनी परत वाचली. मुलगा काही हलला नाही.

मग मी आमचं साधं मराठी पवित्र शास्त्र घेतलं आणि मुलांकडून तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचून घेतला, एकेकाला थोडं थोडं. अलीशाचा गुरू एलीया वावटळीतून वर स्वर्गात जातो, अलीशा आपली वस्त्रं फाडतो. पुढे यरीहोचं पाणी वाईट आहे, तो त्यात मीठ टाकतो आणि पाणी चांगलं होतं. त्याच्या लगेच पुढे अस्वली. एकच माणूस, एकाच अध्यायात एका गावाचं पाणी गोड करतो आणि दुसऱ्या गावाच्या पोरांना शाप देतो. वर्गात चर्चा पेटली. एक मुलगी म्हणाली, त्याचा गुरू आत्ताच वर गेलाय आणि ही पोरं त्यालाही 'वर जा' म्हणतायत, म्हणजे ती एलीयाचीही चेष्टा करतायत. हे काही स्टडी बायबलांच्या टीपेतही सापडतं. पण त्या पोरीने टीप वाचली नव्हती, अध्याय वाचला होता. त्या पहिल्या मुलाला मी सांगितलं की मलाही ही गोष्ट जड जाते आणि तू विचारलंस ते बरं केलंस.

झालं. काकांनी पुढच्या कमिटीत विषय काढला: शिक्षकानेच असं म्हटलं तर मुलांचा विश्वास डळमळणार नाही का? मी तेव्हा म्हटलं ते आजही म्हणते. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांकडे प्रत्येक दुःखावर टीप तयार होती. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग कोणावर पेटला ते बघा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं मराठी शास्त्र टीपांशिवायचं का, हेही काकांना माहीत नव्हतं. १८०४ साली लंडनमध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली ती टीप किंवा भाष्य न जोडता शास्त्र छापायचं, या नियमावर, आणि आपलं शास्त्र छापणारी बायबल सोसायटी त्याच परंपरेतली. कारण उघड होतं, टीप आली की पंथ आला. पानावरच्या आडव्या रेषेच्या वर वचन असतं आणि खाली कुणा माणसाचं मत. मुलांना ही रेषा दिसत नाही. पुष्कळ शिक्षकांनाही दिसत नाही. जग ख्रिस्तपूर्व ४००४ साली निर्माण झालं असं शास्त्रात लिहिलंय म्हणून शिकवणारे मी ऐकलेत. तो आकडा आर्चबिशप अशर यांच्या १६५० सालच्या हिशोबातला आहे आणि जुन्या इंग्रजी बायबलांच्या समासातून तो आपल्याकडे पोचला.

आता तुमचा प्रश्न. दुकानात गेलात की आधी १ शमुवेल १७:४ काढा. दाविदाने मारलेला राक्षसी योद्धा गल्याथ तिथे सहा हात एक वीत आहे, म्हणजे सुमारे पावणेदहा फूट. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत तो चार हात एक वीत आहे, पावणेसात फुटांच्या आसपास. टीपेत हे सरळ सांगितलं असेल तर लिहिणारा प्रामाणिक आहे. मग प्रकटीकरणाचा विसावा अध्याय. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल तिथे वेगवेगळी मतं दिली असतील तर ठीक, एकच मत ठासून मांडलं असेल तर परत ठेवा. नकाशे बघा, मुलांना टीपांपेक्षा ते जास्त लागतात.

नावं हवीत तर माझी मतं अशी. स्कोफिल्ड (१९०९) मुलांच्या शिक्षकाने घेऊच नये, सगळं शास्त्र एका आराखड्यात कोंबलेलं आहे. लाइफ अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य निघतं, मुलांना त्याचा दोन रविवारांत कंटाळा येतो. ईएसव्ही या इंग्रजी भाषांतराचं स्टडी बायबल (२००८) अभ्यासू आहे, पण झुकाव प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या बाजूचा. फुल लाइफ पेंटेकॉस्टल, तुमची मंडळी तशी असेल तरच. थॉम्प्सन चेनमध्ये भाष्य जवळजवळ नाही, एका वचनावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे आहेत, आणि मला तेच आवडतं. एकच घ्यायचं तर एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराचं स्टडी बायबल, तेही शनिवारी रात्री तुमच्या टेबलावर. रविवारी वर्गात मराठी शास्त्रच न्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२४ साली ते छापून आलं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या परंपरेतल्या मुलांना इंग्रजी टीपेचं तोंडी भाषांतर ऐकवायचं, हे मला पटत नाही.

आता थोडं सावरून घेते. वर्ग इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा असेल तर मराठीचा हट्ट धरू नका. तुम्ही कॅथलिक असाल तर वरची यादी फारशी कामाची नाही, तुमच्या बायबलात ७३ पुस्तकं असतात आणि यातल्या बहुतेक प्रती ६६ पुस्तकांच्या. अगदीच नवे शिक्षक असाल तर पहिलं वर्षभर टीपांचा आधार घ्या, त्यात लाज नाही. आणि कोणी स्टडी बायबल भेट देत असेल तर आनंदाने घ्या, फक्त ते कसं वापरायचं याचा ठराव कमिटीत होऊ देऊ नका.